‘मांकडिंग’ (चेंडू सुटायच्या आधीच क्रीज सोडणाऱ्या, गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाला गोलंदाजाने धावबाद करणं) ज्यांच्या नावावरून आलं, ते विनू मांकड खेळाडू म्हणून खरंच कितपत मोठे होते?

माझ्या मते कपिल येईपर्यंत आपल्याकडे त्यांच्या तोडीचा अष्टपैलू झाला नाही. उमरीगर, दुराणी, नाडकर्णी यांचे चाहते भांडायला येतील, त्यांनी खुशाल यावं.

आकडे आधी उरकतो. ४४ कसोटी, २१०९ धावा, पाच शतकं, १६२ बळी. आजच्या डोळ्यांना हे काही फार वाटणार नाही. पण माणूस १९१७ चा, जामनगरचा. ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली. पहिली कसोटी खेळायला १९४६ साल उजाडलं, तेव्हा वय होतं २९. तिथून १००० धावा आणि १०० बळी पूर्ण करायला त्यांना फक्त २३ कसोट्या लागल्या. हा विक्रम १९७९ मध्ये इंग्लंडच्या बोथमने मोडला. आणि हो, पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर ते कसोटीत फलंदाजीला गेलेत. यात कौतुक किती आणि संघाची अडचण किती, ते तुम्हीच ठरवा.

पण मला कुणी एकच सामना सांगायला लावला तर मी जून १९५२ ची इंग्लंडविरुद्धची लॉर्ड्स कसोटी सांगेन. मुळात विनूभाई त्या दौऱ्यावर नव्हतेच. लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबचं बोलावणं आलं होतं, चांगले पैसे होते. त्यांनी आपल्या मंडळाला विचारलं, माझी निवड नक्की का? मंडळाने हमी दिली नाही. मग त्यांनी क्लबशी करार केला. पोटापाण्याचा प्रश्न होता, यात चूक काय? इकडे हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपली अवस्था झाली शून्यावर चार बाद. ट्रूमन नावाचा इंग्लंडचा वेगवान गोलंदाज पोरगा पहिलीच कसोटी खेळत होता. मग मात्र पळापळ झाली आणि मांकडना क्लबकडून सोडवून आणलं गेलं.

लॉर्ड्सला सलामीला येऊन ७२ केल्या. मग चेंडू हातात घेतला तो ७३ षटकं. परत वाचा: एका डावात ७३ षटकं, १९६ धावा, ५ बळी. समोर हटनने दीडशे ठोकल्या, एव्हान्सने शतक केलं, इंग्लंड ५३७. इतकं राबल्यावर दुसऱ्या कुणी पाय वर करून बसला असता. यांनी पॅड बांधले आणि पुन्हा सलामीला जाऊन १८४ केल्या. तोवर कसोटीत कुठल्याही भारतीयाने एवढी मोठी खेळी केली नव्हती. शेवटी इंग्लंडला ७७ हव्या होत्या, तेव्हा आणखी २४ षटकं टाकली. हरलो, आठ गड्यांनी. पण आपल्या दोन डावांत मिळून ६१३ धावा झाल्या, त्यातल्या २५६ एकट्याच्या. लॉर्ड्सच्या ड्रेसिंग रूममध्ये शतकवीरांचा आणि पाच बळी घेणाऱ्यांचा असे वेगवेगळे फलक असतात. या एका सामन्याने त्यांचं नाव दोन्हींवर गेलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपली पहिलीवहिली कसोटी जिंकली होती, तीही डावाने. मांकडचे बळी पहिल्या डावात ५५ धावांत ८, दुसऱ्यात ४. पहिल्या डावातले चार जण तर यष्टिरक्षक खोकन सेनने यष्टिचीत केले. डावखुऱ्या संथ फिरकीला पुढे यायचा मोह होतो आणि चेंडू तिथे नसतोच! एखादा यष्टिचीत म्हणजे फलंदाजाचा गाढवपणा म्हणता येईल, चार म्हणजे गोलंदाजाने फसवलंय.

पुढे जानेवारी १९५६ मध्ये मद्रासलाच न्यूझीलंडविरुद्ध २३१. पंकज रॉयबरोबरची ४१३ ची सलामी २००८ पर्यंत जगात पहिली होती. त्या २३१ च्या वर जायला आपल्याला १९८३ चे गावसकर लागले.

सगळं गोडगोड नव्हतं. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मेलबर्नला दोन शतकं केली, पण पाच कसोटींत बळी मिळाले १२, तेही फार महागात. आणि नाव अडकलं ते त्याच दौऱ्यात.

सिडनीला ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्ध त्यांचा फलंदाज बिल ब्राऊन चेंडू सुटायच्या आधीच क्रीज सोडत होता. त्याला आधी बजावलं, तरी ऐकेना, मग धावबाद केलं. पुढे १३ डिसेंबर १९४७ ला त्याच मैदानावर कसोटीत तेच घडलं. नियमात बसत होतं. खुद्द ऑस्ट्रेलियाचा कप्तान ब्रॅडमनने आत्मचरित्रात मांकडची बाजू घेतली. तरी वर्तमानपत्रांनी त्यांच्या नावाचं क्रियापद केलं. गावसकर म्हणतात, नाव द्यायचंच तर ब्राऊनचं द्या. चूक त्याची होती! २०२२ मध्ये नियमांच्या पुस्तकातही हा प्रकार ‘अनुचित खेळ’ मधून उचलून साध्या ‘धावबाद’ मध्ये ठेवला गेला.

मी स्वतः एकदा केलंय हे, ऑफिसच्या स्पर्धेत, आझाद मैदानावर. पठ्ठ्या चांगला दोन पावलं पुढे होता. मी बेल्स उडवून अपील केलं. अंपायरने आमच्या कप्तानाला विचारलं, “ठेवायचं का अपील?” कप्तानसाहेब खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागले. दिला एकदाचा बाद. चहाला त्यांच्यातलं कुणी माझ्याशी बोललं नाही, आमच्यातलेही दोघं बोलले नाहीत.

वानखेडेला एक गेट विनू मांकड यांच्या नावाचं आहे. मागे एका सामन्याला त्या रांगेत उभा होतो. पुढचा मुलगा तिकीट बघत मित्राला म्हणाला, “मांकड म्हणजे ते रनआऊटवाले ना?” मला राहवलं नाही. हॅसलिंग्डनपासून सुरुवात केली. पोरं ऐकतही होती. १८४ पर्यंत पोचलो आणि रांग सरकली, सिक्युरिटीने माझी पाण्याची बाटली काढून घेतली, आणि ती दोघं आत पळाली. शेवटची २४ षटकं सांगायची राहिलीच.