उरलेली औषधे गाझाला पाठवावीत का?

प्रश्न : गाझातील रुग्णालयांची अवस्था पाहवत नाही. आमच्या महिला मंडळाने घरोघरी फिरून उरलेल्या औषधांची तीन खोकी जमवली आहेत. ती तिकडे कशी पाठवावीत?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या मंडळाच्या कळवळ्याचा मला आदर वाटतो, आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो, की ही खोकी पाठवू नका. त्यातली एखादी कापलेली पट्टी हातात घेऊन पाहा. चार गोळ्या शिल्लक असतात, पण औषधाचे नाव अर्धेच उरलेले असते आणि मुदतीची तारीख कापून गेलेल्या तुकड्यावर असते. जखमींच्या गराड्यात उभ्या असलेल्या डॉक्टरांनी अशी गोळी कोणाच्या हातावर ठेवावी? रुग्णांना दिलेली औषधे परत गोळा करून दान करू नयेत आणि माल पोहोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे नियमच आहेत. बोस्नियाच्या युद्धाच्या काळात, १९९२ ते १९९६ दरम्यान, दानात आलेली सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी ठरली आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचा भार युद्धाने पिचलेल्या त्या देशावरच पडला. गाझात तपासणीतून पार पडून आत जाणाऱ्या ट्रकमधली जागा भुलीची औषधे, इन्सुलिन आणि डायलिसिसचे साहित्य यांसाठी मोकळी राहिली पाहिजे.

तिथे २०२४ मध्ये २५ वर्षांनंतर पोलिओचा रुग्ण आढळला, दहा महिन्यांचे बाळ. त्यानंतर ढिगाऱ्यांमधून वाट काढत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस पाजण्यात आले. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर लसीची पेटी सांभाळत बसणाऱ्या आपल्या आशाताईंना विचारा, वीज नसताना ती लस थंड ठेवणे म्हणजे काय असते! असे काम पैशावर आणि प्रशिक्षित माणसांवर चालते, म्हणून पैसेच पाठवावेत. १९५० पासून पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी दवाखाने चालवणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था (यूएनआरडब्ल्यूए) किंवा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस यांना आपण देणगी देऊ शकता. भारत सरकारनेही २०२४-२५ मध्ये पहिल्या संस्थेला ५० लाख डॉलर दिले. मात्र परदेशात देणगी पाठवण्याची मुभा देणारी रिझर्व्ह बँकेची योजना व्यक्तींपुरती आहे, त्यामुळे मंडळाच्या नव्हे, तर प्रत्येकीने स्वतःच्या खात्यातून, बँकेत पॅन देऊन रक्कम पाठवावी. तिच्यावर देणगीसाठीची आयकर सवलत मिळणार नाही, हेही सर्वांना आधीच सांगावे.

खोक्यांतील न उघडलेली, मुदतीतील औषधे जवळच्या धर्मादाय दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी निवडलेली तेवढीच तिथे द्या.