ढिगाऱ्यानं नाला बुजला असेल तर आधी तारीख बघा

भाऊ, खदानीच्या मातीचा ढिगारा वाहून जूनमध्ये नाला बुजला, चार एकर कपाशी पाण्यात उभी, चार महिने झाले अर्ज करून आणि सगळे ‘संयुक्त पाहणी होऊ द्या’ म्हणतात, हे तुमचं वाचलं आणि माझीच जुनी फाईल उघडल्यासारखं झालं. आमचं वावरही वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यातच आहे.

पंचनामा, फोटो, सातबारा हे तुम्ही केलंच असेल, त्यावर लिहीत नाही. मी कुठे बुडालो तेवढं सांगतो.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणारा अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. पण कारण घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा लागतो. दावा म्हणजे दावाच. ‘निवेदन’, ‘विनंती अर्ज’, ‘स्मरणपत्र’ असे कितीही कागद दिले तरी घड्याळ थांबत नाही. मी सात अर्ज दिले होते, सगळ्यांच्या पोचा जपून ठेवल्या होत्या. एका कार्यालयातले साहेब दर वेळी खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे आणि पुढच्या पंधरवड्याची तारीख सांगायचे. कधी मोजणीवाले नाहीत, कधी कंपनीचा माणूस नाही, मग निवडणूक. पाहणी झाली ती नवव्या महिन्यात, नाला कोरडा असताना! ‘पाणी साचल्याचे दिसून आले नाही’ असा शेरा मारून गेले.

त्याहून मोठी चूक मात्र माझीच. दया यावी म्हणून पहिल्याच अर्जात लिहून बसलो, ‘गेल्या दोन वर्षांपासून त्रास होत आहे.’ खरं तर नाला त्याच पावसाळ्यात बुजला होता, आधी नुसता गाळ यायचा. शेवटी दावा लावला तेव्हा समोरच्या वकिलानं तेच वाक्य वाचून दाखवलं. दर पावसाळ्यात नव्यानं कारण घडतं, असं आमच्या वकिलानं मांडलं, पण आमचं तरी चाललं नाही. मुदतबाह्य, फेटाळला.

तुम्हीही पोस्टमध्ये ‘कित्येक वर्षांपासून’ लिहिलंय. कृपा करून कागदावर तसं लिहू नका. जे घडलं, ज्या तारखेला घडलं, तेवढंच. तुमच्या हिशेबानं अजून जेमतेम दोन महिने आहेत.

आणखी एक. लोक तुम्हाला महसूल संहितेचं कलम १४३ सांगतील. ते वाटेचं आहे, पाण्याचं नाही.

कंपनी म्हणेल की ढिगारा परवानगीनंच टाकलाय. त्यावर माझ्या मते एकच उतारा आहे, पर्यावरण मंजुरीच्या अटी. ढिगाऱ्याभोवती गारलँड ड्रेन (म्हणजे वाहून येणारं पाणी अडवून वळवणारी चर), पायथ्याशी भिंत, पाणी निवळायला टाकी असं त्यात बहुधा असतं. अटी पाळल्याचा अहवाल त्यांना दर १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, तो माहिती अधिकारात मागा. आमच्या अहवालात ड्रेन ‘साफ केली’ होती; माझ्या त्याच महिन्यातल्या फोटोत तिच्यात कमरेएवढ्या बाभळी! फोटो काढताना विजेचा खांब किंवा धुऱ्यावरचं झाड चौकटीत येऊ द्या, म्हणजे जागेवरून वाद होत नाही. खदानीतलं उपसलेलं पाणी त्याच नाल्यात सोडतात का, तेही बघा. आमच्याकडे पाऊस थांबल्यावरही तूर मरत होती ती त्यामुळेच.

मुदत गेलीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात भरपाईसाठी ५ वर्षांची मुदत आहे. पण तिथून पैसे मिळाले तरी नाला कधी मोकळा होईल, कोण जाणे.

मी वकील नाही. तालुक्यातला, महसुली दावे चालवणारा वकील गाठा. जिल्ह्याच्या मोठ्या वकिलांना या कायद्याचं नावही माहीत नसतं, हा माझा अनुभव, राग मानू नका.

पहिल्या अर्जाची पोच आहे ना? त्यात नाला बुजल्याची तारीख काय घातलीय, तेवढं आधी इथं लिहा.