एका गाडीला गणपती किती देतो: देवगड–मुंबई स्लीपरचा हिशेब

तुमचा प्रश्न वाचला. काका निवृत्त झाले, हातात 15 लाख आले. वर 40 लाखांचं कर्ज काढून 30 बर्थची नवी एसी स्लीपर घ्यायची आणि देवगड–मुंबई लावायची. गाडी दाखवणारा एजंट म्हणतो, गणपती आणि मे महिन्यातच वर्षाचे हप्ते सुटतात. मी या लाइनवर 20 वर्षांहून जास्त काळ आहे. काकांच्या आयुष्याची कमाई यात जाणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साडेदहा टक्क्यांनी 5 वर्षांसाठी 40 लाख घेतले, तर हप्ता महिन्याला 86 हजारांच्या आसपास बसतो. आता एका फेरीचा खर्च बघा. जाऊन-येऊन 1,000 किलोमीटर, लिटरला 4 चा ॲव्हरेज, म्हणजे 250 लिटर. डिझेल 90 रुपये धरलं तरी 22,500 झाले. दोन ड्रायव्हर आणि क्लीनर, टोल, पार्किंग, युरिया (धूर साफ करायला गाडीत घालतात ते द्रव), टायर-ऑइलसाठी बाजूला काढायचे पैसे धरून मी 33 हजार पकडतो. एक ड्रायव्हर कमी करून हा आकडा खाली आणू नका. 500 किलोमीटरची रात्र एका माणसाच्या डोळ्यांवर टाकायची नसते.

आता गणपती. चतुर्थीआधी खऱ्या गर्दीच्या रात्री सहा. पण गाडी एकच. आज रात्री मुंबईहून सुटली की उद्या सकाळी देवगडला, उद्या रात्री परत मुंबईकडे. सहा रात्रींत ती मुंबईहून फक्त तीनदा सुटते. सगळे हीच गोष्ट विसरतात. येताना 30 बर्थ भरतात, परत जाताना तीन-चार. विसर्जनानंतर चित्र उलटं, पण फेऱ्या पुन्हा तीनच.

भाडंही मनाला येईल तितकं लावता येत नाही. 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच मुभा आहे. तिकीट 1,800 धरा. भरलेल्या बाजूचे 54 हजार. त्यातून तिकीट एजंटचं दहा टक्के कमिशन 5,400, तिकिटातच धरलेला पाच टक्के जीएसटी साधारण 2,600. हातात आले 46 हजार. फेरीचा खर्च 33 हजार वजा करा आणि रिकाम्या बाजूचे दोन हजार मिळवा. राहिले 15 हजार. सहा फेऱ्यांचे 90 हजार. अख्खा गणपती म्हणजे एक हप्ता.

लगेच पितृपक्ष लागतो. त्याआधीचे जुलै-ऑगस्ट तर विचारूच नका. येताना 14 माणसं, जाताना 18, तिकीट 700. एकूण 22,400. डिझेलचे सुद्धा पुरे येत नाहीत. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 75 च्या वरच्यांना तर त्याआधीपासूनच फुकट. ज्या घरातून आई, सासू आणि दोन मुली निघणार, ते घर आडव्या दिवसांत आपल्याकडे कशाला येईल? आणि आपला परवाना कंत्राटी वाहतुकीचा. वाटेत हात दाखवला की थांबून प्रवासी घ्यायचा हक्क एसटीचा, आपला नाही. रिकामा बर्थ मुंबईपर्यंत रिकामाच जातो.

मे महिना मात्र खरंच चांगला. दोन्ही बाजू बऱ्यापैकी भरतात, डिकीत आंब्याच्या पेट्या येतात. टपावर माल चढवू नका, दंडही बसतो आणि घाटात गाडी डोलते.

माझ्यावर आलेलं सांगतो. दुसरी गाडी घेतली त्याच वर्षी, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, रात्री अडीचला कशेडी घाटाच्या पायथ्याशी टर्बो गेला. लोक मखराचे तुकडे छातीशी धरून पावसात उभे होते. पोलादपूरहून मिळेल त्या भाड्याने गाडी मागवली आणि प्रत्येकाला घरी पोचवलं. सीझनच्या सहापैकी दोन फेऱ्या तिथेच गेल्या, वर दुरुस्तीचा खर्च. पुढचे चार हप्ते बायकोचे दागिने ठेवून भरले. दोन गाड्या असून माझी ही गत; एक गाडीवाल्याकडे तर पर्यायी गाडीच नसते, हा धोका कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

गाडी घेताना भरलेला जीएसटी पाच टक्क्यांच्या पद्धतीत परत मिळत नाही, हेही काकांना सांगा. पावसात दोन महिने गाडी उभी करणार असाल तर आरटीओत नॉन-यूजचा, म्हणजे गाडी वापरात नसल्याचा अर्ज आधीच द्यावा लागतो. त्याने कर वाचेल, हप्ता थांबणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर स्लीपर घेतलीच नसती. त्याच 15 लाखांत कर्ज न काढता वापरलेली 17 किंवा 20 सीटची गाडी बघा. विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, तारकर्लीचे पर्यटक, लग्नाची वऱ्हाडं, शाळांच्या सहली. यात माणसं एकदम ठरवून येतात, रिकाम्या परतीचे पैसे भाड्यातच धरता येतात आणि संध्याकाळी गाडी दारात असते. घेताना पासिंगची तारीख, कर भरल्याची पावती आणि जुनं कर्ज फिटल्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

तरीही स्लीपरच घ्यायची असेल, तर सहा हप्ते म्हणजे जवळपास सव्वापाच लाख बँकेत वेगळे ठेवून मगच गाडी बुक करा. 15 लाखांतून डाऊन पेमेंट देऊन ते उरतात का, एवढं आधी बघा आणि इथे कळवा.