बेळगावात नवीन आलोय. शहरात काय चाललंय ते कुठं कळतं, आणि आपण त्यात कसं शिरायचं?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरहून बदली होऊन सहा महिने झाले, टिळकवाडीत भाड्याने राहता, ऑफिस ते घर एवढंच बेळगाव पाहिलंय, कन्नड येत नाही आणि रविवार खायला उठतो. मी मूळची निपाणीची. लग्न होऊन वडगावात आले त्याला २७ वर्षं झाली. त्यामुळे नवीन माणसाचा रविवार कसा असतो ते मला ठाऊक आहे.

आधी पेपर लावा. मोबाइलवरचा नव्हे, सकाळी दारात पडणारा. 'तरुण भारत' १९१९ साली बाबूराव ठाकूरांनी इथंच सुरू केला. 'पुढारी'सुद्धा घरोघरी येतो. कुठलाही घ्या, पण पहिलं पान सोडून आत जा. कुठल्या भागात पाणी येणार नाही, दुरुस्तीसाठी वीज कधी जाणार, रक्तदान शिबिर कुठे, कुठल्या सोसायटीची वार्षिक सभा, हे सगळं आत असतं. आणि निधनवार्ता. हसू नका. इथं कुणी गेलं की रक्षाविसर्जन किती वाजता ते छापून येतं. आमच्या सासूबाई चहाच्या आधी तेच पान उघडायच्या. मला वाटायचं, काय ही आवड! नंतर उमगलं की शेजारच्या घरी अशा वेळी दहा मिनिटं जाऊन उभं राहिलं, की पुढच्या वेळी तुम्ही परके नसता. माझ्या गल्लीनं मला ओळखायला सुरुवात केली ती एका रक्षाविसर्जनालाच.

आता गल्लीबद्दल. बेळगावात गल्लीला पंच असतात, युवक मंडळ असतं, महिला मंडळ असतं. देवळाची रंगरंगोटी, गटारीचं रडगाणं, दोन भावांमधलं भिंतीचं भांडण, सगळं आधी पंचांकडे जातं. तुम्ही टिळकवाडीत, रेल्वे गेटांच्या बाजूला असाल तर तिथं गल्लीपेक्षा कॉलनी आणि अपार्टमेंट जास्त. तरी गणपतीचं मंडळ असतंच. वर्गणी मागायला पोरं आली की पावती घेऊन दार लावू नका, "मला काय काम देता?" असं विचारा. पोरं क्षणभर बावचळतील. मग आरतीची पाळी, हिशेबाची वही, रात्री मांडवात झोपायचं, काहीतरी तुमच्या वाट्याला येईल. हिशेबाची वही मिळाली तर सोडू नका, ती घ्यायला कुणी तयार नसतं.

इथला सार्वजनिक गणपती लोकमान्य टिळकांनी १९०५ साली झेंडा चौकात सुरू केला, असं बेळगावकर अभिमानाने सांगतात. विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत पोचता पोचता दुसरा दिवस उजाडतो. शिवजयंती इथं वैशाखातल्या तिथीने होते, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. चित्ररथावर गल्लीतली पोरंच मावळे होऊन जिवंत देखावा करतात. आधी महिनाभर तालमी चालतात. तुम्हाला संवाद लिहिता येत असतील, शिवण येत असेल, नुसती मिशी रंगवता येत असेल तरी चालतं. दिवाळीत मातीचे किल्ले करणाऱ्या मुलांनाही मोठ्या माणसाचा एखादा हात लागतोच. डीजेच्या आवाजाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती दरवर्षीची आहे आणि दरवर्षी तशीच राहते.

महानगरपालिकेकडे वळू. एकूण ५८ वॉर्ड आहेत. २०२१ च्या निवडणुकीत पहिल्यांदा पक्षांची चिन्हं आली. त्याआधी मराठी गट आणि कन्नड गट असाच सामना असायचा. आपला नगरसेवक कोण, हे पंचांना विचारलं तर फोन नंबरसकट कळतं. कॅम्पात घर घेतलंत तर मात्र गाठ कॅन्टोन्मेंट बोर्डाशी आहे, तक्रार चुकून पालिकेत घेऊन जाऊ नका. कायद्यात वॉर्ड समितीची सोय आहे: नगरसेवक अध्यक्ष आणि दहा सदस्य, त्यांत किमान तीन महिला. महिन्याला बैठक व्हायला हवी. नगरसेवकाला सरळ विचारा की आपल्या वॉर्डाची समिती बसते का आणि ऐकायला येऊ का. हा प्रश्न विचारणाराच कुणी नसतो, म्हणून त्याला वजन येतं.

अर्ज करायची वेळ आली तर माझी फजिती ऐका. आमच्या घरासमोर गटारीवरची फरशी फुटली होती, एक आजी त्यात पडता पडता वाचली. मी एका कचेरीत सुरेख अक्षरात मराठी अर्ज नेऊन दिला आणि घरी आले. दोन महिन्यांनी विचारायला गेले तर म्हणे, असा अर्ज आलाच नाही. पोच घेतली नव्हती ना! दुसऱ्यांदा पंचांनी २२ सह्या गोळा केल्या, फोटो जोडला, प्रतीवर शिक्का मारून घेतला. फरशी महिन्याभरात बसली. म्हणून सांगते, शिक्क्याशिवाय खिडकी सोडायची नाही. 'सकाल' म्हणजे आपला 'सकाळ' पेपर नव्हे हो, कर्नाटकातला २०११ चा सेवा हमी कायदा या नावाने ओळखला जातो. त्यात बसणाऱ्या कामाला ठरलेली मुदत आणि पावती क्रमांक मिळतो. त्याउपर माहितीचा अधिकार आहेच: १० रुपये आणि ३० दिवस.

भाषेची भीती दोन्ही बाजूंनी काढून टाका. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे, राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा तुम्हाला हक्क आहे. मराठी अर्ज घेत नाही असं कुणी म्हटलं तर शांतपणे हे सांगा. पण कन्नड शिकाही. मी भाजीवालीकडून शिकले. "स्वल्प स्वल्प बर्तैत्री" (थोडं थोडं येतं हो) एवढं म्हटलं तरी खिडकीपलीकडचा माणूस खुर्ची सरकवतो, आणि बहुतेक वेळा पुढचं मराठीतच बोलतो. मुक्काम लांबणार असेल तर मतदार यादीतलं नाव फॉर्म ८ भरून इकडे आणा. टिळकवाडी बेळगाव दक्षिण मतदारसंघात येते.

१ नोव्हेंबरला जपून. एकीकडे राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिवसाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. बेळगाव कर्नाटकात की महाराष्ट्रात, हे सीमाप्रश्नाचं दुखणं १९५६ पासूनचं आहे, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझं मत ठाम आहे, पण ते इथं मांडत बसत नाही. नवीन माणसाने त्या दिवशी बोलण्यापेक्षा ऐकावं आणि गाडी राणी चन्नम्मा चौकाकडे नेऊ नये, एवढंच.

वाचनाची आवड असेल तर सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा. ते १८४८ सालचं आहे, आणि बॅ. नाथ पै व्याख्यानमाला तेच भरवतं. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात. शहरातल्या संमेलनांत नसतं ते तिथं मिळतं: ग्रंथदिंडीत डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका, मांडवात धोतरातले शेतकरी, आणि दुपारी सगळ्या गावाला जेवण. पंगतीत वाढायला माणसं कमीच पडतात. मी दोनदा आमटीची बादली घेऊन फिरले आहे. अध्यक्षांचं भाषण त्यामुळे चुकलं, पण ओळखी डझनभर झाल्या. सकाळी फिरायची सवय असेल तर व्हॅक्सिन डेपोचा झाडांनी भरलेला परिसर तुमच्याजवळच आहे. स्मार्ट सिटीच्या कामांत तिथल्या झाडांवर कुऱ्हाड येणार म्हटल्यावर लोकांनी विरोध केला होता. तिथं रोज फिरणाऱ्यांशी बोललात तर तो सगळा इतिहास चालता चालता ऐकायला मिळेल.

आणि आषाढात आमच्या वडगावला मंगाई देवीच्या यात्रेला या. त्याआधी काही आठवडे आमच्याकडे वार पाळतात, शेतात कुणी उतरत नाही. यात्रेच्या दिवशी गाडी आत येणार नाही. नाथ पै चौकापाशी लावा आणि चालत या. विणकरांच्या मागांचा खडखडाट त्या दिवशी बंद असतो, त्यामुळे देवळाकडचा गलबला लांबूनच ऐकू येईल, त्याच्या मागोमाग चालत राहा.