कायम करतील का?

निकालानंतरच्या महिन्यांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक पालक मुलाचे गुण सांगून होताच एकच शंका काढतात: शिकाऊ उमेदवार म्हणून पाठवले, कंपनीने वर्षभर राबवून घेतले आणि शेवटी घरी बसवले, तर काय करायचे? बारावी झालेली एक मुलगी आईबरोबर हीच शंका घेऊन आली होती. ओळख पटेल असे तपशील मी अर्थातच वगळले आहेत.

जवळच्या औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवारांच्या जागा निघाल्या होत्या आणि अर्ज भरायचा की नाही, यावर घरात वाद चालू होता. "कायम करणार असतील तरच पाठवू," असा वडिलांचा निरोप आईने सांगितला. मुलीचे म्हणणे निराळे होते. "मला मशीनवरचं काहीच येत नाही, मॅडम. थोडा आत्मविश्वास आला, की भरते अर्ज."

आत्मविश्वास आधी आणि काम नंतर, हा क्रम मला कधीच पटलेला नाही. स्वतःच्या हाताने एखादी गोष्ट जमली, की त्यातून जो विश्वास येतो तो कोणाच्या कौतुकाने येत नाही. म्हणून धीराची वाक्ये मी बेतानेच वापरते आणि नियम समोर ठेवते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार हा उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याच्याशी लेखी करार करून तो नोंदवावा लागतो आणि किमान विद्यावेतन सरकार ठरवते. 30 किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना असे उमेदवार घेणे बंधनकारक आहे. शिकाऊ उमेदवारी फक्त आयटीआय झालेल्यांसाठी असते, हा समजही खरा नाही; थेट शाळेतून येणाऱ्यांना आधी मूलभूत प्रशिक्षण दिले जाते.

"पण कायम करण्याचं बंधन त्यांच्यावर नाही, असंच ना?" आईने विचारले.

"करारात तशी अट नसेल, तर नाही."

आईने मुलीकडे पाहिले. मी म्हणतच होते, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. त्यावर मुलगी पहिल्यांदाच आपणहून बोलली. "मग मुदत संपल्यावर मी तिथेच राहायचं, असंही बंधन नाही?"

"अट नसेल, तर तुझ्यावरही नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे वर्षभर ते मला बघणार, तसं मीही त्यांना बघणार."

समुपदेशकाला अशा वाक्याची वाट पाहता आली पाहिजे. तेच मी तिला आयते दिले असते, तर ते माझेच राहिले असते. कायमपणाची चिंता मुख्यतः मोठ्यांची असते. दोन वर्षे फक्त गुणांवर मोजल्या गेलेल्या मुलाला धास्ती असते ती पुन्हा कोणीतरी पारखून नापास करील याची. आपल्यालाही पारखता येते, हे उमगले की अर्जाचे ओझे उतरते, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. पालकांना जी तरतूद खटकते, तिच्यातच मुलांना आपली बाजू सापडते, हे मात्र मला आजही गमतीचे वाटते.

पुढच्या भेटीत आम्ही तिच्या प्रश्नांची यादी केली. कोणत्या यंत्रावर काम असेल, शिकवणार कोण, गेल्या खेपेचे उमेदवार आता कुठे आहेत, अखेरच्या परीक्षेची तयारी कोण करून घेते, हे सारे प्रश्न तिचेच होते. मी दोन जोडले: करार नोंदवल्याची प्रत केव्हा मिळेल, आणि तो मध्येच मोडला तर कोणावर काय जबाबदारी येते? दुसरा प्रश्न मुलाखतीत विचारण्याआधी करारात स्वतः वाचावा, कारण भरपाईचा भार मोडणाऱ्या बाजूवर येऊ शकतो. अशी यादी घेऊन गेलेली माझी मुले मुलाखतीत खाली मान घालून बसत नाहीत, एवढे मी खात्रीने सांगते.

तिने अर्ज दोन ठिकाणी केले. मोठ्या कारखान्यात "शिकवणार कोण?" याचे उत्तर कोणालाच देता आले नाही, लहान कारखान्यात तिला थेट त्या माणसाशीच भेटवले, आणि तिने ती जागा घेतली. वडिलांचा आग्रह अजून मोठ्या कारखान्याचा आहे. त्यांना एकदा तिच्याबरोबर कामाची जागा पाहून यायला मी सुचवले आहे. मात्र तिथे प्रश्न तिनेच विचारायचे, अशी अट घातली आहे.