बेस मोठे घ्यावेत की सुटणारे?

बेसबॉलमध्ये सेकंड बेसवर (रनरला पाय टेकवायच्या चौकोनी गादीवर) स्लाइड करताना, म्हणजे घसरत पोचताना, तुमच्या टीममधल्या मुलाचा घोटा मोडला, म्हणून मैदानावर १८ इंची बेस बसवावेत का, असं तुम्ही विचारलंय. बसवा, पण त्याने हा घोटा वाचला नसता.

१८ इंचांची चर्चा मेजर लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल लीगमुळे सुरू झाली. तिथे २०२३ पासून बेस १५ ऐवजी १८ इंच चौरस झाले. त्याचा खरा उपयोग फर्स्ट बेसवर होतो. फिल्डरचा पाय एका कडेला आणि धावत येणाऱ्या रनरचा दुसऱ्या कडेला पडायला जागा मिळते, पायावर पाय येत नाही. (होम ते फर्स्ट अंतरही ३ इंचांनी घटलं. त्या मोसमात बेस चोरणं, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळणं, खूप वाढलं, पण त्यात पिकऑफवर, म्हणजे रनरला बाद करायला पिचरने बेसकडे चेंडू फेकण्यावर, आलेल्या मर्यादेचाही वाटा आहे.)

तुमच्याकडे घडलं ते वेगळंच. तुमचे बेस जमिनीत पुरलेल्या पाइपात लोखंडी दांड्याने बसतात. उशिरा स्लाइड घेतली की बुटाचे स्पाइक्स कडेला अडकतात, पाय जागच्या जागी थांबतो आणि मागून सगळं शरीर त्याच्यावर येतं. बेस हलत नाही, मग घोटा हलतो. यावर उपाय सुटणारा बेस. रबराची बैठक जमिनीच्या पातळीत पुरलेली असते आणि वरचा भाग तिच्यावर दाबून बसवतात. आडवा जोर आला की तो निघतो. डॉ. डेव्हिड जँडा यांनी मिशिगनमध्ये हौशी सॉफ्टबॉलवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये छापून आला. पक्क्या बेसवर ६२७ सामन्यांत स्लाइडच्या ४५ दुखापती, सुटणाऱ्या बेसवर ६३३ सामन्यांत फक्त २. इतका स्वच्छ फरक खेळाच्या साहित्यात क्वचितच दिसतो.

मात्र बेस विकत आणले की काम संपलं असं नाही. एका मोसमात आमचे सुटणारे बेस एकदाही सुटले नाहीत, आणि आम्ही खूश! शेवटी उचलून पाहिलं तर खाचांमध्ये माती भरून वाळून दगड झाली होती. स्क्रूड्रायव्हरने कोरून काढावी लागली. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी मी बेस काढून, झटकून परत बसवतो. घेताना मुलांसाठीचं मॉडेल मागा. मोठ्यांच्या जोराला सुटणारा बेस बारा वर्षांच्या मुलासाठी पक्काच असतो. बैठकीची कड मातीवर आलेली दिसली तर लगेच माती भरा, नाहीतर बेस निघाल्यावर पाय तिथेच अडकायचा.

ओल्या बेसवर मात्र यातलं काहीच कामाला येत नाही. २०१७ मध्ये मेजर लीगमधला खेळाडू ब्राइस हार्पर याचा पाय पावसाने ओल्या झालेल्या फर्स्ट बेसवर घसरला आणि गुडघा उलटा ताणला गेला. ना स्लाइड, ना धडक. एक कोरडं फडकं डगआउटमध्ये (टीमच्या बसायच्या जागेत) ठेवा.

आणि बेस निघून आला की रनर आउट का, हा वाद तुमच्याकडेही होणारच. रनर सुखरूप पोचला असेल आणि त्याच्याच धक्क्याने बेस निघाला असेल, तर त्या बेसवर त्याला आउट करता येत नाही. अंपायरना हे सामन्याआधी आठवण करून द्या.