मूल्य बदलतं, घटक बदलत नाही

प्रश्न : टाइपस्क्रिप्टमध्ये लिट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून वेब घटक (पानावर वापरता येणारे स्वतःचे एचटीएमएल टॅग) लिहिले आहेत. टार्गेट, म्हणजे कंपायलरने कोड जावास्क्रिप्टच्या ज्या आवृत्तीत उतरवायचा ती, ईएस२०२२ केल्यापासून प्रॉपर्टी बदलली तरी स्क्रीनवर जुनंच मूल्य दिसतं. कोडमध्ये काय चुकलं?

उत्तर : कोड ठीक आहे, टीएसकॉन्फिग, म्हणजे टाइपस्क्रिप्टची सेटिंग्जची फाइल, पाहा. टार्गेट ईएस२०२२ किंवा त्यापुढचं असलं की ‘यूजडिफाइनफॉरक्लासफील्ड्स’ हे सेटिंग आपोआप ट्रू होतं. मग क्लासचं फील्ड थेट ऑब्जेक्टवर तयार होतं आणि लिटने प्रोटोटाइपवर (क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टना सामायिक असलेल्या ऑब्जेक्टवर) ठेवलेले गेटर-सेटर, म्हणजे मूल्य वाचताना आणि बदलताना चालणारी फंक्शन्स, त्या फील्डमागे झाकले जातात. सेटर चाललाच नाही, तर लिटला बदल कळणार कसा? टीएसकॉन्फिगच्या कंपायलरऑप्शन्समध्ये ‘यूजडिफाइनफॉरक्लासफील्ड्स’ फॉल्स करा, आणि प्रॉपर्टीवर लावायच्या डेकोरेटर या खुणांसाठीचं ‘एक्सपेरिमेंटलडेकोरेटर्स’ ट्रू ठेवा. टार्गेट मात्र खाली आणू नका, गरज नाही. तुम्ही बहुधा प्रॉडक्शन बिल्डवर (वापरकर्त्यांना द्यायच्या आवृत्तीवर) तपासताय. लिटचा डेव्हलपमेंट बिल्ड (कोड लिहिताना वापरायची आवृत्ती) हीच चूक स्पष्ट एरर देऊन दाखवतो.